प्रेक्षकाची जागा : २०२५ मधील माझ्या आवडीचे चार मराठी चित्रपट

वर्ष सरले की वर्तमानपत्रांतून त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटांच्या याद्या प्रसिद्ध होतात. कोणी दहा नावे देतो, कोणी पाच. कोणी तारे देतो, कोणी गुण. या याद्या वाचताना गंमत वाटते, परंतु वाचून झाल्यावर एक प्रश्न मागे उरतो. हा चित्रपट पहिला आणि तो चौथा, हे ठरले कशाने? पुष्कळदा उत्तर एवढेच मिळते, की 'मला आवडला.' कवितेच्या रसग्रहणात असे उत्तर लिहिले तर परीक्षक गुण देणार नाहीत. कविता आवडली असेल तर ती का आवडली हे शब्द, प्रतिमा, लय यांच्या आधाराने सांगावे लागते. मग चित्रपटालाच ही सवलत का असावी?

प्रस्तुत लेखात २०२५ साली प्रदर्शित झालेल्या आणि मला मनापासून आवडलेल्या चार मराठी चित्रपटांचा विचार करावयाचा आहे. 'स्थळ', 'आता थांबायचं नाय!', 'दशावतार' आणि 'साबर बोंडं' ही ती चार नावे. ही निवड वैयक्तिक आहे. ती सर्वांना मान्य व्हावी असा आग्रह नाही. मात्र आवड वैयक्तिक असली तरी तिची कारणे चारचौघांत मांडता आली पाहिजेत, एवढी अट मी स्वतःला घालून घेतली आहे.

कसोटी कोणती?

चित्रपटगृहात आपण तिकिटावर छापलेल्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसतो. ती आपली एक जागा. दिवे मालवले, चित्रपट सुरू झाला, की दिग्दर्शक आपल्याला तेथून उठवून दुसऱ्या एका जागी नेऊन बसवतो. कधी तो आपल्याला नायकाच्या खांद्यामागे उभे करतो, कधी खिडकीबाहेर, कधी न्यायालयात आरोपीच्या शेजारी. या जागेला तिकीट नसते, म्हणून ती बदलली तरी आपल्या चटकन लक्षात येत नाही. पूर्वी जत्रेत तंबू ठोकून चित्रपट दाखवीत, तेव्हा काही ठिकाणी पडद्याच्या मागच्या बाजूसही माणसे बसत. त्यांना तोच चित्रपट दिसे, परंतु डावीकडचे उजवीकडे आणि अक्षरे उलटी. जागा बदलली की दिसणे बदलते, हा धडा त्या प्रेक्षकांना आपसूक मिळत असे.

तेव्हा चित्रपटाचा अभ्यास करताना मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, हा चित्रपट मला कोणाच्या शेजारी बसवतो? दुसरा, ती जागा शेवटपर्यंत तीच राहते, की वाटेत बदलते? आणि तिसरा, चित्रपट संपवून मी घरी परत येतो, तेव्हा माझी रोजची जागा मला पूर्वीसारखीच वाटते काय? कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत यांचा विचार या तीन प्रश्नांच्या ओघात आपोआप होतो. आता एकेक चित्रपट घेऊ.

१. स्थळ : पाहणारे आणि पाहिली जाणारी

जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' ७ मार्च २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वी २०२३ साली टोरोंटो येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला होता व तेथे त्यास नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव हे दिग्दर्शकाचे स्वतःचे गाव. चित्रीकरण तेथेच झाले आणि पडद्यावरची बहुतेक माणसे त्याच परिसरातील, अभिनय हा व्यवसाय नसलेली आहेत. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता ही या चित्रपटाची नायिका. ती महाविद्यालयात समाजशास्त्र शिकते. पुढे शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे अशी तिची इच्छा आहे. आणि घरच्यांना तिचे लग्न जमवायचे आहे. नंदिनी चिकटे यांनी ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे, की अभिनय चालला आहे हे आपण विसरतो.

चित्रपटाचा प्रारंभ मोठा मार्मिक आहे. घरात 'पाहण्याचा कार्यक्रम' चालला आहे. परंतु येथे मुलगा मान खाली घालून बसला आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारीत आहेत. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पुढे हाच प्रसंग खऱ्या रूपात, म्हणजे सविता बसलेली आणि पुरुष विचारणारे असा येतो, तेव्हा प्रश्न तेच असतात. पण हसू येत नाही. दिग्दर्शक एवढ्यावर थांबत नाही. तो हा प्रसंग पुन्हा आणतो, आणि पुन्हा. तीच बैठक, तेच प्रश्न, तीच उत्तरे. पहिल्या वेळी आपण पाहुण्यांच्या रांगेत बसून मुलगी पाहत असतो. पुढे पुढे आपल्याला त्या रांगेत बसणे अवघड होऊ लागते. ज्या आवर्तनाला एखादा प्रेक्षक 'कंटाळवाणे' म्हणेल, तेच येथे आशयाचे साधन आहे. सविताच्या वाट्याला आलेला कंटाळा आणि अपमान आपल्यालाही थोडा भोगावा लागतो.

या कार्यक्रमांच्या जोडीला दिग्दर्शकाने कापसाच्या भावाचा प्रश्न ठेवला आहे. बाप कापूस विकायला नेतो तेथे भाव दुसरा कोणी ठरवितो. आणि मुलीचे लग्न ठरवितानाही भाव दुसराच कोणी ठरवितो. बापाला खलपुरुष करण्याचा सोपा मार्ग दिग्दर्शकाने टाळला आहे. तोही कोणाच्या तरी समोर मान खाली घालून बसलेलाच आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. सविताच्या वर्गातही स्त्री-सबलीकरण शिकविले जाते. वर्गातला तास आणि घरातली बैठक यांमधील अंतर या चित्रपटाने जसे दाखविले आहे, तसे एखाद्या निबंधाला दाखविता येणार नाही.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वारली समाजात हुंड्याची चाल नव्हती. तेथे वरपक्षाने वधूपक्षाला देज देण्याची रीत होती आणि लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असे. हे ऐकून आपल्याला बरे वाटते. परंतु त्याच लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज काढावे लागे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको वर्षानुवर्षे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या वारली चळवळीने वेठबिगारीबरोबर या प्रथेविरुद्धही लढा दिला. सांगावयाचे ते हे, की रीत कोणतीही असो, लग्नाच्या बैठकीत पैसा येऊन बसला की कोणाची तरी मान खाली जाते.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा असे मला वाटते, कारण सविता आपल्याच वर्गातली आहे. तिसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर एखाद्या नावापुढे गैरहजेरीची खूण सुरू होते आणि ती वर्षअखेरीपर्यंत तशीच राहते. 'सर, तिचं लग्न ठरलं,' एवढे मैत्रिणी सांगतात. आपण पुढचे नाव पुकारतो. 'स्थळ' पाहिल्यानंतर पुढचे नाव पुकारण्यापूर्वी क्षणभर थांबावेसे वाटले. माझ्या यादीत तो पहिला आहे तो याच कारणाने.

२. आता थांबायचं नाय! : मागच्या बाकावरून

दुसरा चित्रपट अगदी वेगळ्या जातीचा. शिवराज वायचळ यांनी दिग्दर्शित केलेला 'आता थांबायचं नाय!' १ मे २०२५ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी प्रदर्शित झाला. मुंबई महानगरपालिकेतील चतुर्थ श्रेणीच्या कामगारांनी रात्रशाळेत शिकून दहावीची परीक्षा दिली, या सत्य घटनेवर तो आधारलेला आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, ओम भूतकर, पर्ण पेठे अशी नामवंत मंडळी त्यात आहेत. दिग्दर्शक म्हणून विख्यात असलेले आशुतोष गोवारीकर येथे महापालिकेच्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत दिसतात.

हा लोकप्रिय पठडीतला चित्रपट आहे. त्यात विनोद आहे, गाणी आहेत, डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंग आहेत. आणि शेवट काय होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मग तो या यादीत का? कारण तो प्रेक्षकाला बाकावर बसवतो. दिवसभर गटार, कचरा, पाण्याच्या वाहिन्या यांच्याशी झगडलेली प्रौढ माणसे संध्याकाळी लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसतात. एरवी रस्त्यात ही माणसे आपल्या नजरेसमोरून जातात, परंतु आपण त्यांना पाहत नाही. 'स्थळ'मधील सविताला सगळे नको तितके पाहतात, तर या कामगारांना कोणीच पाहत नाही, दोन्ही अपमानच. या चित्रपटात ती माणसे फळ्याकडे पाहतात आणि आपण त्यांच्या मागच्या बाकावरून त्यांच्याबरोबर फळ्याकडे पाहू लागतो. भरत जाधव यांनी आयुष्यभर रंगभूमीवर प्रेक्षकांना हसविले. येथे त्यांनी स्वतःला इतके आवरून धरले आहे, की एखादे अक्षर गिरविताना होणारा संकोच त्यांच्या बोटांतून कळतो.

आमच्या बोईसर-तारापूरच्या प्रेक्षकाला हा चित्रपट आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. तेव्हापासून या भागाचे घड्याळ पाळ्यांवर चालते. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. आठवडा बदलला की पाळी बदलते. मुंबईच्या कामगाराला निदान संध्याकाळ आपली म्हणता येते, म्हणून त्याला रात्रशाळा शक्य होते. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला ठरावीक वेळेचा कोणताच वर्ग जमत नाही. म्हणून येथे बाहेरून दहावी देणारे १७ नंबरचा अर्ज भरतात आणि पुढे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाट धरतात. त्यांना बाकही नसतो, मागचाही नसतो. रात्रपाळी करून आलेला माणूस खोलीत एकटाच पुस्तक उघडून बसतो आणि दुसऱ्या पानावर त्याचा डोळा लागतो.

चित्रपटाचे उणेही सांगितले पाहिजे. अडचणी फार लवकर सुटतात आणि चांगला अधिकारी, चांगला शिक्षक भेटला की शिक्षण होते असा समज होण्याचा धोका आहे. जेथे असा अधिकारी भेटत नाही तेथे काय, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. तथापि प्रौढ वयात शिकण्यातील लाज आणि ती लाज ओलांडण्यातील आनंद या दोहोंचे चित्रण त्यात खरे उतरले आहे.

३. दशावतार : रंगपटातून

सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ रोजी आला आणि त्याने महाराष्ट्रभर गर्दी खेचली. दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी कलावंताची भूमिका केली आहे. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. बाबुलीची दृष्टी अधू होत चालली आहे. मुलाला, माधवला, वाटते की बापाने आता रात्रीची जागरणे थांबवावीत. आणि बापाला रंगमंच सोडवत नाही.

दशावतार ही तळकोकणातील रात्रभर चालणारी लोकनाट्याची परंपरा. देवळासमोर, जत्रेत तिचे प्रयोग होतात. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली आणि संवाद ऐन वेळी सुचणारे. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. आपण प्रेक्षक म्हणून देव आणि राक्षस पाहतो. रंगपटात तोंडाला रंग लावीत बसलेला माणूस आपल्याला दिसत नसतो. या चित्रपटाचा पहिला भाग मला आवडला तो याकरिता, की त्याने आपल्याला रंगपटात नेऊन बसविले. रंग चढविणारा हात थरथरतो आहे, आरशात नीट दिसत नाही, आणि तरीही रेघ जेथे यावयाची तेथेच येते. हाताला सवय आहे. अशा क्षणांत प्रभावळकर शब्दाविना बोलतात.

आपल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. त्यात देवदेवतांचे, दैत्यांचे मुखवटे धारण करून मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर रात्रभर सोंगे नाचवितात. कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यावयाचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. दशावतार आणि बोहाडा यांत वेष, भाषा, विधी यांचे पुष्कळ अंतर आहे. पण बाबुलीच्या घरातला वाद आणि बोहाड्याच्या घरातला वाद एकच असू शकतो. मुलगा शहरात नोकरीला गेला तर बापाचा मुखवटा कोण उचलणार? आणि तो उचलण्यासाठी मुलाने नोकरी सोडावी असे म्हणण्याचा अधिकार आपणा प्रेक्षकांना आहे काय? परंपरा टिकली पाहिजे असे बाहेरून म्हणणे सोपे असते. जागरण त्या घराला करावे लागते.

उत्तरार्धात मात्र माझी जागा बदलली आणि ती मला तितकी रुचली नाही. कोकणातील जंगल आणि खाण यांचा प्रश्न पुढे येतो. तो महत्त्वाचाच आहे. परंतु दिग्दर्शक त्याचे सूडनाट्य करतो. एकेक अवतार येतो आणि दुष्टांचे पारिपत्य होते. टाळ्या पडतात, प्रेक्षक रंगपटातून उठून पुन्हा जत्रेतील गर्दीत येऊन बसतो. अशा प्रश्नांचे खरे स्वरूप आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराचा विषय १९९० च्या दशकापासून चालू आहे. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदरास नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाकडून परवानगी मिळाली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे भूमिपूजन झाले. मच्छीमारांचा विरोध आणि रोजगाराची आशा या दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर, कधी कधी एकाच घरात नांदत आहेत. तेथे कोणी एक दुष्ट नाही, की ज्याला नरसिंहाने फाडावे. सुनावण्या, हरकती, अहवाल, तारखा यांतूनच तो प्रश्न जातो. अशा प्रश्नावरचा चित्रपट टाळ्या घेणार नाही कदाचित. पण तो कोणी तरी करावयास हवा. 'दशावतार'ने ती वाट दाखविली आणि मग स्वतः सोपी वाट धरली. पूर्वार्धासाठी मी त्याला या यादीत ठेवतो.

४. साबर बोंडं : सुतकाच्या घरात

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी, 'दशावतार'च्या पाठोपाठ एका आठवड्याने, तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. साबर म्हणजे निवडुंग आणि त्याची तांबडी फळे म्हणजे बोंडे. वर काटे, आत गोड गर.

आनंद हा मुंबईत नोकरी करणारा तिशीतला तरुण. वडील वारतात आणि तो आईबरोबर घाटावरच्या आपल्या मूळ गावी दहा दिवसांच्या सुतकासाठी येतो. काय खावे, काय नेसावे, कोठे निजावे यांचे नियम नातेवाईक त्याला सांगत राहतात; आणि प्रत्येक सांगण्याच्या शेवटी एकच प्रश्न असतो, 'लग्न कधी करतोस?' आनंदला पुरुषाविषयी प्रेम वाटते. आईला हे ठाऊक आहे. गावात त्याचा बालमित्र बाळ्या आहे. शेती करणारा, अविवाहित, त्याच प्रश्नाने त्रासलेला. या दोघांची जवळीक हळूहळू पुन्हा जमून येते, एवढीच कथा. भूषण मनोज, सूरज सुमन आणि आईच्या भूमिकेत जयश्री जगताप या तिघांनी ती सांभाळली आहे.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुधा एका जागी ठेवलेला असतो आणि प्रसंग त्याच्या समोर घडतो. संगीत नसल्याने कोठे हळवे व्हावे हे आपल्याला कोणी सुचवीत नाही; ते आपणच ठरवावे लागते. सुतकाच्या घरी भेटीला गेलेला माणूस जसा भिंतीला टेकून, फारसे न बोलता बसतो, तसे दिग्दर्शकाने आपल्याला बसविले आहे. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी १९५३ साली 'टोकियो स्टोरी' केला, तेव्हा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवून एका कुटुंबातील मृत्यू दाखविला होता. कानवडे यांची रीत स्वतःची आहे. परंतु दोघेही प्रेक्षकाला घाई करू देत नाहीत, आणि शोक ही बसून करावयाची गोष्ट आहे हे दोघांनाही माहीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा मानणे रद्द केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहांना मान्यता देण्यास मात्र नकार दिला. वर्तमानपत्रात हा विषय आपण कायद्याचा म्हणून वाचतो आणि पान उलटतो. चित्रपटात कायद्याचा उच्चार नाही. आहे ती आई आणि तिचा मुलगा. अशिक्षित म्हणून जिला आपण समजावून सांगायला गेलो असतो, तिने मुलाला केव्हाच समजून घेतलेले आहे. मुलाच्या सुखापुढे गाव काय म्हणेल याचा हिशेब तिने बाजूला ठेवला आहे, तोही काही भाषण न करता. मराठी चित्रपटात आईच्या भूमिका पुष्कळ झाल्या. १९५३ च्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले तेव्हापासून आई हा आपला हळवा विषय आहे. सुमन ही आई त्या ओळीत ताठ मानेने उभी राहावी अशी आहे.

बाळ्या आनंदसाठी साबर बोंडे आणतो, हा चित्रपटातील मला सर्वाधिक आवडलेला तपशील. प्रेम या शब्दाचा उच्चार न करताही प्रेम कसे सांगता येते, हे त्या फळांकडे पाहून कळते. ज्यांना हा विषय अवघड वाटतो त्यांनी विषय म्हणून पाहूच नये; दोन माणसे आणि एक सुतकाचे घर म्हणून पाहावा.

न निवडलेल्यांविषयी थोडेसे

त्या वर्षी आपल्याकडे सर्वाधिक चर्चा झाली ती बहुधा 'छावा' या हिंदी चित्रपटाची. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर तो आधारलेला असल्याने मराठी वाचकाला त्याविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक होते. त्याची भव्यता मी नाकारीत नाही. परंतु वर सांगितलेल्या तीन प्रश्नांना त्याचे उत्तर लगेच मिळते. पहिल्या दृश्यापासून अखेरपर्यंत आपण नायकाच्या बाजूला उभे असतो आणि बाहेर पडताना आपण आत गेलो होतो तेच असतो. अभिमान वाढतो, प्रश्न पडत नाही. अभिमानाची गरज असते हे मान्य करूनही, वर्षभराने मला आठवतो तो प्रश्न पाडणारा चित्रपट.

आणि आपली जागा?

निवडलेल्या चार चित्रपटांत चंद्रपूरकडचे खेडे आहे, मुंबई आहे, तळकोकण आहे, घाटावरचे गाव आहे. पालघर नाही. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. तरी चित्रपटाच्या बाबतीत आपण अजून विरारच्या पलीकडे पाहत असतो. बहुचर्चित चित्रपट जवळ येतो. 'स्थळ' किंवा 'साबर बोंडं' यांसारख्या चित्रपटासाठी मात्र गाडी पकडावी लागते, आणि खेळ रात्रीचा असेल तर शेवटच्या गाडीचा हिशेब करीत उत्तरार्ध पाहावा लागतो. २०१५ साली राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपटांचे खेळ सोयीच्या वेळी लावण्यास सांगितले. परंतु नियमाने खेळ लागतो, प्रेक्षक येत नाही. पहिल्या तीन दिवसांत चार माणसे आली तर चौथ्या दिवशी खेळ निघतो. म्हणून ज्याला असे चित्रपट हवेत त्याने पहिल्याच आठवड्यात जावे, आणि एकट्याने न जाता दोघा-चौघांना घेऊन जावे. आपल्या वाङ्मय मंडळाने वर्षातून दोन वेळा रीतसर परवानगी घेऊन चित्रपट दाखवावा व त्यावर चर्चा ठेवावी, ही सूचनाही येथे करून ठेवतो.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक छोटासा स्वाध्याय. या वर्षी पाहिलेला कोणताही एक चित्रपट घ्या. गोष्ट सांगण्यात वेळ न दवडता त्यातील एकच प्रसंग निवडा. त्या प्रसंगात कॅमेरा कोणाच्या शेजारी आहे, कोण बोलत आहे, कोण बोलत नाही, आणि तुम्ही त्या खोलीत असता तर कोठे बसला असता, हे दोन पाने लिहा. असे लिहिताना आवडनिवड पुष्कळ वेळा बदलते, असा माझा अनुभव आहे.

आणि ज्यांना पुढे जाऊन चित्रपट लिहावयाचा किंवा करावयाचा आहे, त्यांच्यासाठी सामग्री भोवताली पडली आहे. तिसऱ्या पाळीनंतर १७ नंबरच्या अर्जासाठी कागद गोळा करणारा कामगार, मोखाड्याला बोहाड्याचा मुखवटा खुंटीवर ठेवून बोईसरला कारखान्यात आलेला मुलगा, वाढवणच्या किनाऱ्यावर एकाच घरात बंदर हवे म्हणणारा भाऊ आणि नको म्हणणारा भाऊ, सातपाटीच्या बंदरावर मासळीच्या पाट्या मोजणारी बाई. सोमलकरांनी आपल्याच गावात, आपल्याच माणसांना घेऊन चित्रपट केला आणि तो टोरोंटोपर्यंत गेला. त्यासाठी त्यांना गाव सोडून गोष्ट शोधावी लागली नाही. आपल्याकडेही गोष्टीची उणीव नाही. उणीव आहे ती ती गोष्ट जवळ बसून पाहणाऱ्याची.